आकारामचे थेंब

सांगली, ९ एप्रिल १९४५

चि. मोरेश्वर यास,

आशीर्वाद आधी, तक्रार लगेच.

आपल्या घरातून एक बरणी नाहीशी झाली आहे. चिनी मातीची, वर पिवळी खाली पांढरी, पाच शेर कैरी सहज मावेल अशी. आईच्या माहेरून आलेली. दादरा बांधायला तिच्या गळ्याशी जी खाच आहे तशी खाच आता कुठल्या बरणीला नसते, असे तुझ्या वहिनीचे मत आहे, आणि बरण्यांच्या बाबतीत तिचे मत अखेरचे. परवा तिने माळ्यावरच्या सगळ्या बरण्या उतरवल्या. कैऱ्या आल्या आहेत. मी सांगितले, फुटली. ती म्हणाली, खापऱ्या दाखवा. मी म्हणालो, टाकल्या. ती म्हणाली, कुठे? वीस वर्षे मी पाठशाळेत मुलांना अनुमान शिकवतो. स्वयंपाकघरात माझे एकही अनुमान टिकले नाही.

तेव्हा सध्या घरात मी बरणीचोर आहे. खरा चोर मुंबईला आहे. पण त्याचे नाव घ्यायची सोय नाही, कारण लगेच दुसरा प्रश्न येईल: एवढ्या मोठ्या डॉक्टरला लोणच्याची बरणी कशाला?

ते तुला माहीत आणि मला माहीत. एकदा कागदावर लिहून टाकतो, म्हणजे निदान एके ठिकाणी तरी खरे राहील. १९ मार्चला, सोमवारी, तुझ्या त्या स्नेह्याच्या दवाखान्यात आपला आष्ट्याचा आकाराम वारला. तासाभराने तू सायकलवरून घरी आलास आणि म्हणालास, "दादा, रुंद तोंडाचे भांडे हवे. काचेचे कुठे मिळत नाही." लढाईमुळे काच मिळत नाही हे खरे. मी बरणी काढून दिली. तेलाचा वास जाईना म्हणून राखेने तीनदा घासून दिली. मोरू, मी ती घासली! आणि मग तुझ्या मागोमाग दवाखान्यात आलो, व्हरांड्यात उभा राहिलो, आणि आतून करवतीचा आवाज आला. तो ऐकू येऊ नये म्हणून लहानपणी पाठ केलेली मस्तकाची नावे म्हणत राहिलो. उत्तमाङ्ग या नावापाशी आलो आणि पुढचे आठवेना. तू बाहेर आलास तेव्हा बरणीच्या तोंडाला दादरा बांधलेला होता. तीच गाठ, आई बांधायची तशी. ती तुला येते याची मला त्या क्षणी शिसारी आली.

आकाराम वडिलांच्या शाळेत दुसरीपर्यंत माझ्या शेजारी बसला. पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला, तिथून झोपेचा ताप घेऊन आला आणि पंचवीस वर्षे हळूहळू लाकूड होत गेला. हात थरथरत, तोंड मुखवट्यासारखे, ओठांतून लाळ. त्याचे डोके तू नेलेस. आतले. वरचे आम्ही जाळले. त्याच्या घरी कोणाला काही ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलाला नाही.

स्मशानात काय झाले ते तू विचारलेले नाहीस. दोन कार्डे टाकली, दोन्हींना उत्तर नाही. बरणी परत पाठवू नकोस. पाठवलीस तर कृष्णेत सोडीन.

धुंडिराज


सांगली, २१ एप्रिल १९४५

चि. मोरेश्वर यास,

पत्र पोचले. तीन वेळा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना हात धुवावेसे वाटले, धुतले.

तू लिहितोस, "नमुना फार चांगल्या स्थितीत पोचला. मध्यभागी जो काळा पट्टा असायला हवा तो जवळजवळ पांढरा पडला आहे. दादा, असा नमुना इकडे मिळत नाही." नमुना हा शब्द मी शिंप्याकडे कापड बघताना वापरतो. धान्याच्या आडतीवर मूठभर शाळू तळहातावर घेतात, त्यालाही म्हणतात. दुसरीत माझ्या पाटीवर थुंकी लावून पुसणाऱ्या माणसाला मी तो लावलेला नाही.

आणि खाली विचारतोस, "तिकडे सगळे नीट पार पडले ना?" पार पडले. ऐक.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या लॉरीतून आम्ही त्याला आष्ट्याला नेले. बारा मैलांत दोनदा बंद पडली. घरी गेल्यावर जोतीरामने, त्याच्या मुलाने, विचारले की बाच्या डोक्याला पट्टी कसली. मी सांगितले, डोक्यात पाणी झाले होते, डॉक्टरांनी काढले, पट्टी सोडायची नाही असे त्यांनी बजावले आहे. पट्टीवरून बनुबाईंनी स्वतः फेटा बांधला. हे पहिले खोटे. ते गद्य होते.

ओढ्याच्या काठी चिता पेटली. तुला मुंबईत आठवत नसेल, आपल्याकडे कवटी फुटल्याचा आवाज आल्याखेरीज कोणी उठत नाही. जीव मोकळा झाला असे समजतात आणि मग पाय धुऊन घरी जातात. बसलो. दीड तास झाला, दोन झाले. बाभळीच्या सावल्या पार पलीकडच्या बांधावर गेल्या. मी एकटाच असा होतो, ज्याला माहीत होते की आवाज येणार नाही. कापून पुन्हा बसवलेल्या आणि आत काही नसलेल्या कवटीतून आवाज कुठून येणार? मोरू, तुला हे सुचले नव्हते. इंग्लंडात तीन वर्षे शिकलास, आणि आपल्या स्मशानात लोक कशाची वाट बघतात तेवढे विसरलास. मला मात्र बरणी घासतानाच सुचायला हवे होते.

आकारामचा चुलतभाऊ नानासो तंबाखू मळत होता. त्याने सुरुवात केली.

"का रं, ऐकलं का कुणी?"

"न्हाई बा."

"वारं हाय. वाऱ्यात गेलं आसंल."

"वाऱ्यात? आमच्या म्हाताऱ्याची फुटली तवा पल्याडच्या रानातली म्हसरं बुजली हुती, गड्या!"

"मंग आकारामाचा जीव आडाकला म्हनायचा काय?"

जोतीरामने माझ्याकडे पाहिले. मग सगळ्यांनी पाहिले. नानासो म्हणाला, "आवं शास्त्रीबुवा, तुमी शिकल्याली मान्सं. शास्तरात काय हाय ह्येचं?"

शास्त्रात काही नाही. माझ्या वाचनात तरी नाही. पण वीस-पंचवीस माणसे, त्यात बापाला अग्नी दिलेला मुलगा, हातात ओला टॉवेल, आणि हल्ली त्या भागात न्यायनिवाडे कोर्टाबाहेर, फटक्यांनीच होतात हे तुला वर्तमानपत्रातून कळत असेल. मी डोळे मिटले. लोकांना वाटले आठवतो आहे. मी रचत होतो.

नादं विना कपालं तु यस्याग्नौ भस्मतां व्रजेत् ।
स शान्तो ब्रह्मरन्ध्रेण पूर्वमेव विनिर्गतः ॥

ज्याची कवटी आवाज न होता भस्म होते, तो शांत पुरुष ब्रह्मरंध्रातून आधीच निघून गेलेला असतो. पहिल्या चरणातला 'तु' भरीचा आहे, घाईत तेवढे चालते. बाकी वृत्त निर्दोष आहे. अर्थ तर फारच निर्दोष. आकारामच्या ब्रह्मरंध्रातून आधीच निघून गेलेले मी व्हरांड्यात उभे राहून ऐकले होते.

नानासोने हात जोडले. "म्हंजी साधूच म्हना की!" सगळे उठले. मी ओढ्यावर पाय धुतले आणि तिथेच ओकलो. लोक म्हणाले, शास्त्रीबुवांचा लय जीव हुता त्याच्यावर.

अजून एक राहिले. दवाखान्यात तू कागद पुढे केलास. त्यावर छापले होते, 'मृताचा आप्त', आणि पुढे रेघ. तू म्हणालास, "दादा, तूच कर." मला काय सुचले सांगू? तर्कशास्त्रात आप्त म्हणजे नातलग नव्हे. जे जसे असेल ते तसे बोलणारा, तो आप्त. त्या अर्थी मी आहे, असे म्हणून मी सही केली. सही करताना स्वतःच्या कोटीचे थोडे कौतुकही वाटले. त्याच संध्याकाळी हा आप्त अनुष्टुभात खोटे बोलला.

असो. तुझा पट्टा पांढरा निघाला याबद्दल अभिनंदन करावे की काय, ते मला कळत नाही.

धुंडिराज


सांगली, १४ मे १९४५

चि. मोरेश्वर यास,

जर्मनी पडल्याचे पेढे गेल्या आठवड्यात पाठशाळेतही वाटले. मी खाल्ले नाहीत. हल्ली मला पांढरट, मऊ असे काही खाववत नाही. तुझी वहिनी पित्त म्हणते. लोणचे नव्या काचेच्या बरणीत घातले, ती तिने कुठून पैदा केली मी विचारले नाही.

बनुबाई येऊन गेल्या. पदराच्या गाठीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या, ओसरीवर बसल्या आणि पहिल्यांदा हसल्याच.

"शास्त्रीबुवा, तुमी जोत्याच्या बाला देव केला की वो!"

मला वाटले थट्टा करतात. थट्टा नव्हती. ओढ्याकाठी चिता होती त्या जागी लोकांनी चौथरा बांधला आहे. शेंदूर फासला आहे. नानासो तिथे बसतो, अंगारा देतो. हात थरथरणारी माणसे येतात, कोरेगावापासून येतात. तासगावाकडची येतात. आणि माझा श्लोक दगडावर कोरायचा आहे, तेव्हा शास्त्रीबुवांच्या हस्ताक्षरात तो लिहून मिळावा असा नानासोचा निरोप. आयुष्यभर मी दोन खंडकाव्ये लिहिली, ती कोणी छापली नाहीत. दगडावर जायचे भाग्य या दोन ओळींचे.

"जोत्याचा बा साधू न्हवतं," बनुबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय. तापट लय. हात हालत असूनबी येकदा मला ताट फेकून मारलं हुतं, न्हेम चुकला म्हनून वाचले."

मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "म्या फेटा बांदला तवा पट्टीखालनं हाताला टाकं लागलं. कानापासनं कानापत्तुर. वाकळ शिवल्यागत."

मोरू, मला वाटत होते की आष्ट्यात कोणाला माहीत नाही. तिला पहिल्या घटकेपासून माहीत होते.

"तुम्ही बोलला नाहीत," मी म्हणालो.

"कुनाला बोलू? जोत्याला? त्यो कुऱ्हाड घिऊन सांगलीला आला आसता. मग जोत्याबी गेला आसता आन् तुमीबी." शेंगा फोडून माझ्यापुढे दाणे ठेवत म्हणाल्या, "मंग, घावलं का?"

"काय?"

"काय म्हंजी? ज्येच्यापायी डोस्कं उघडलं, त्ये!"

तिला राग नव्हता. तिला उत्तर हवे होते, आणि मी ते तुला विचारलेच नव्हते. मला फक्त किळस येत होती, आणि किळस आली की माणूस प्रश्न विचारत नाही, तोंड फिरवतो.

तुझ्या पत्रातले जेवढे आठवले तेवढे सांगितले. म्हणालो, मेंदूत एक काळा पट्टा असतो, त्याचा पांढरा झाला होता.

"केसावानी?"

"हो. तसेच काहीसे."

"आन् मोरूदादा सांगत हुतं, त्ये रनरचं?"

तुझ्या लक्षात आहे का? दोन वर्षांपूर्वी याच ओसरीवर तू आकारामला समजावत होतास. मज्जातंतू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये फट असते, आणि निरोप ती फट एका रसाच्या थेंबातून ओलांडतो. दोन बेडकांच्या हृदयांची गोष्टही सांगितलीस, एकाचे पाणी दुसऱ्यावर घातले की दुसरेही मंदावते. काही शास्त्रज्ञ म्हणतात थेंब नव्हे, नुसती वीज जाते, असा वाद आहे म्हणालास. आकाराम बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाला होता, "बसऱ्याला आमचं तसंच हुतं. तार खंदकापत्तुर. तार तुटली की फुडं चिठ्ठी घिऊन रनर पळायचा. मीच हुतो की रनर! म्हंजी माज्या डोस्क्यातलं रनर मेलं म्हना." तू हसलास आणि वहीत लिहून घेतलेस. मग तो म्हणाला, "मेल्यावर येकदा उघडून बघा वो, किती मेलं त्ये." त्यावरही आपण हसलो. त्या वाक्यावर टेकून मी सही केली असे मला कधी कधी वाटते. कधी वाटते, नाही.

मी बनुबाईंना म्हणालो, होय, पळणारे मेले होते, बहुतेक सगळे.

त्यांनी आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाल्या, "म्हंजी सोंग न्हवतं."

"कसले सोंग?"

"गाव म्हनायचं, आकारामाला काम नगं, म्हनून सोंग करतोय. माझी सासूबी म्हनायची. पंचवीस वर्सं. आता त्येच लोक शेंदूर लावत्यात. थुत त्येंच्या!" ओसरीवरून खाली थुंकल्या. "जोत्याच्या बाचा गुन्हा न्हवता येवडं मला पुरं हाय. मोरूदादांना सांगा."

सांगितले. तुझ्याविषयी मी जे लिहिले त्यातले थोडे मागे घेतो. सगळे नाही.

उठताना तिने आणखी एक विचारले. "आन् गेलं कशानं? हात हालल्यानं कुनी मरत न्हाई."

मी म्हणालो, ताप.

"व्हय," ती म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली. "ताप."

श्लोक मी लिहून दिला नाही. हाताला सूज आहे असे कळवले.

धुंडिराज


सातारा, १ जून १९४५

चि. मोरेश्वर यास,

पत्ता बघून दचकू नकोस. सहज आलो आहे. तुझ्या वहिनीच्या भावाकडे उतरलो आहे, साताऱ्याची हवा मला मानवते, किल्ल्यावरून वारा येतो. मेहुणा संस्कृताचा द्वेष्टा असल्यामुळे घरात शांतता आहे. सांगलीला उकडत होते.

उकडत होते हे खरेच, पण त्यासाठी कोणी पाठशाळेच्या परीक्षा सोडून संध्याकाळच्या मोटारीत बसत नाही.

परवा बनुबाई पुन्हा आल्या. या खेपेला बरोबर हरणाबाई म्हणून एक बाई होती आणि तिचा नवरा धुळा. तासगावाच्या पलीकडची धनगर माणसे, मेंढरे भावाकडे ठेवून आलेली. बाई चाळिशीची. मान सारखी हलते, हात गोळ्या वळल्यासारखे, आणि लाळ. धुळ्याने तिच्या हनुवटीखाली फडके धरले होते, चालताना, बसताना, सतत. ते तो असे धरून होता की जणू तेच त्याचे काम आहे. मला तिकडे बघवेना.

चौथऱ्यावर नानासोने तिला अंगारा खायला दिला होता. बनुबाईंनी तो थुंकायला लावला आणि तिला घरी नेले. तुझ्या थेंबांची, तू मुंबईहून स्वतः तयार करून पाठवलेल्या, एक अर्धी बाटली आकारामच्या मागे उरली आहे. बेलाडोनाचे थेंब. आपल्या धोत्र्याच्या कुळातले, म्हणून मोजून घालायचे, असे तू बजावले होतेस. ते बनुबाई तिला देतात. दिवसातून तीनदा दहा.

"मान जरा कमी हालती," धुळा म्हणाला. "खरं लाळ न्हाई थांबत, महाराज. लोक हसत्यात. पोरगं बी जवळ येत न्हाई तिच्या."

बनुबाई मला म्हणाल्या, "धा मीबी घालत हुते जोत्याच्या बाला. धानं लाळ थांबत न्हाई. खरं, मळणीसाटनं म्या गावी गेले, मोरूदादा यायचं हुतं म्हनून त्येंनी तुमच्यात चार रोज हुतं, तवा काय केलं तुमी? मी माघारी दवाखान्यात बगाय आले तर त्येंचं तोंड कोरडं खडखडीत. उशी वाळल्याली. किती थेंब घातलं, शास्त्रीबुवा?"

"दहाच," मी म्हणालो.

"धाच?"

"दहाच."

बनुबाई धुळ्याकडे वळल्या. "मंग पंदरा घालून बगू काय?"

"नको!" मी ओरडलो. तुझी वहिनी आतून बाहेर आली.

"का नगं?"

मी म्हणालो, मोरेश्वराला विचारतो. उत्तर येईपर्यंत दहाच. मग मला एकदम आठवले की साताऱ्याला तातडीचे काम आहे.

तेव्हा तुला विचारतो. दहाच्या वर गेले तर काय होते? सविस्तर लिही. मुळापासून लिही. मी आता तोंड फिरवणार नाही.

धुंडिराज


सातारा, ३ जून १९४५

मोरू,

परवाच्या पत्राचे उत्तर यायची वाट बघू नये असे ठरवले. बनुबाई वाट बघणारी बाई नाही. हरणाबाईची लाळ थांबावी असे तिला मनापासून वाटते, आणि मी कसा ओरडलो ते तिने पाहिले असले तरी दहाने भागत नाही हेही तिने पाहिले आहे. पत्र टाकावे तर ते जोतीराम वाचून दाखवणार. म्हणून उद्या सकाळच्या मोटारीने मी स्वतः आष्ट्याला जातो. तिच्यापाशी बोलण्याआधी तुला लिहितो, कारण तुझ्यापाशी बोलणे सोपे आहे.

वीस घातले. दर वेळी वीस, दिवसातून तीनदा, चार दिवस.

कंपासाठी नव्हे. ताप तेव्हा नव्हता. तू चार-पाच दिवस उशिरा आलास आणि तो माझ्या ओसरीवर राहिला. त्याची लाळ सतरंजीवर पडायची. मी जेवायला बसलो की दारातून तो दिसायचा, आणि ओठांवरून ती तार खाली उतरताना दिसायची. माझा घास फिरायचा. मी दार लोटून घ्यायला लागलो. तो पाणी मागायचा तेव्हा मी वरून ओंजळीत घालायचो, आणि ओंजळ इतकी हलायची की सगळे पाणी त्याच्या छातीवर. लहानपणी एका पाटीवर थुंकलेले आम्ही दोघे, आणि मी तांब्या उंच धरून उभा. दहा थेंबांनी लाळ थोडी कमी होते हे दिसले. मला वाटले वीसने बंद होईल.

बंद झाली. जीभ वाळक्या पानासारखी. चौथ्या दिवशी त्याची ओंजळ हलली नाही. मी घरात जाऊन तुझ्या वहिनीला म्हणालो, गुण आला. अभिमानाने म्हणालो. चेहरा लाल होता, डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की बुबुळ दिसेना, आणि तो हवेतून सूत ओढल्यासारखे काहीतरी वेचत होता. बसऱ्याच्या कोणाकोणाला हाका मारत होता. म्हणत होता, "चिठ्ठी दे रं, म्या पळतो." मला हसू आले. लघवी झाली नाही, ती का होत नाही हे मी विचारले नाही, कारण तीही माझ्या ओसरीवर होत नव्हती हे मला बरेच वाटले. त्या रात्री ताप चढला. सकाळी त्याला दवाखान्यात हलवले. तू आलास, तुला मी दहा सांगितले. तू नाडी बघून म्हणालास, "फार धावते आहे," आणि माझ्याकडे पाहिलेस. विचारले नाहीस. मीही सांगितले नाही. दोन दिवसांनी तो गेला.

सही मी तुझ्या संशोधनासाठी केली नाही, मोरू. आकारामच्या त्या वाक्यासाठीही नाही. मला वाटले, उघडून बघशील तर तुला कळेल. किंवा बघशील आणि काहीच कळणार नाही, आणि मग काही झालेच नाही असे ठरेल. दोन्हींपैकी मला काय हवे होते ते आजही सांगता येत नाही. तुझे पत्र मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा वाचले. तू काळ्या पट्ट्याचे लिहिलेस. थेंबांचे एक अक्षर नाही. तुझ्या कापांत ते दिसत नसेल, किंवा तुला दिसले असेल आणि तू भाऊ म्हणून लिहिले नसशील.

उद्या बनुबाईंना आकडा सांगेन आणि का घातले तेही सांगेन. त्याशिवाय ती दहावर थांबणार नाही. जोतीराम घरी असला तर असो. श्लोक मी रचलेला आहे हेही तिथल्या तिथे नानासोला सांगून टाकेन, पण त्याचे मला फारसे काही वाटत नाही. कोर्टाचे, गावाचे, पापाचेही फारसे नाही.

आकाराम तापाने गेला की मला त्याची किळस आली म्हणून गेला, हे मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर लिही. मला फार भीती वाटते.

धुंडिराज